२३ टक्के की १० टक्के? पुडोंगच्या कस्टम्समध्ये अडकलेले ४८ कोट

२१ मे २०१५, गुरुवार. ग्रीसमधल्या कास्तोरियाहून निघालेली आमची १६ खोकी त्या दिवशी शांघायच्या पुडोंग विमानतळावर उतरली. शेवटचा कागद माझ्या हातात पडला तो ३० जूनला. मधल्या काळात चीन सरकारने फरच्या कपड्यांवरचं आयात शुल्क तात्पुरतं कमी केलं, आणि आमचा माल नेमका त्या तारखेच्या उंबरठ्यावर उभा होता. यीवूत आणि शाओशिंगच्या कापडबाजारात काम करणाऱ्या दोन मराठी मित्रांनी या काळात मला वारंवार फोन करून एकच प्रश्न विचारला, "नवा दर नक्की कुठल्या तारखेला धरतात?" त्यांना दर वेळी तुकड्यातुकड्याने सांगितलं. आता एकदा सगळं सलग लिहून ठेवते.

मी सोलापूरची. चार वर्षांपासून शांघायमधल्या एका छोट्या आयात कंपनीत कागदपत्रांचं काम बघते. कंपनी म्हणजे आम्ही पाच जण आणि मालकीणबाई. सगळे त्यांना लाओबान म्हणतात, मीही तेच म्हणते. आजवर आम्ही चामड्याच्या पिशव्या आणि पट्टे आणत होतो. फर पहिल्यांदाच. ईशान्य चीनमधल्या शेन्यांग शहरातल्या एका दुकानाने हिवाळ्यासाठी मागणी दिली होती, आणि उन्हाळ्यात ग्रीसमधला कारखाना जरा स्वस्तात द्यायला तयार होता, म्हणून मे महिन्यात कोट मागवले.

आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "कशाचे गं कोट?" मिंक म्हणजे साधारण मुंगसासारखा दिसणारा लांबट प्राणी, असं मी सांगितलं. एका लांब कोटाला किती लागतात ते सांगितलं नाही. डझनांनी लागतात. मला या मालाबद्दल मनातून बरं वाटत नव्हतं, आजही वाटत नाही, आणि हे लिहिताना ते लपवावं असंही वाटत नाही. पण काम माझ्या टेबलावर आलं होतं आणि चुकलं असतं तर सहा जणांच्या छोट्या कंपनीला ते महाग पडलं असतं.

२५ मे, सोमवार. संध्याकाळी घरी जाताना मेट्रोत बातमी वाचली. अर्थ मंत्रालयाने जाहीर केलं होतं की १ जूनपासून काही रोजच्या वापराच्या वस्तूंवरचं आयात शुल्क उतरणार. सूट आणि फरचे कपडे १४ ते २३ टक्क्यांवरून ७ ते १० वर, आखूड बूट आणि खेळाचे बूट २२ ते २४ वरून १२ वर, लहान मुलांचे डायपर साडेसातवरून २ वर, त्वचेची क्रीम ५ वरून २ वर. याची चाहूल आधी लागली होती. २८ एप्रिलला पंतप्रधान ली खछ्यांग यांच्या अध्यक्षतेखाली मंत्रिपरिषदेची बैठक झाली होती आणि परदेशात जाऊन होणारी खरेदी देशात वळवायची, असं त्यात ठरलं होतं. त्या वर्षी चिनी पर्यटक जपानमधून कमोडची झाकणंसुद्धा उचलून आणत होते, वर्तमानपत्रांत महिनाभर तोच विषय. तरी यादीत फर असेल असं माझ्या ध्यानीमनी नव्हतं. मेट्रोतच मी आमचा शुल्क-क्रमांक, ४३०३ पासून सुरू होणारा, यादीशी ताडून पाहिला. आमचा दर २३ होता, तो १० होणार होता.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमचा कस्टम्स-एजंट घोषणापत्र, म्हणजे कस्टम्सला मालाची माहिती देणारा अर्ज, भरणार होता.

रात्री साडेदहाला एजंटकडच्या मुलाला मेसेज केला, उत्तर नाही. २६ तारखेला सकाळी आठ वाजता त्याच्या ऑफिसच्या दारात जाऊन उभी राहिले. तो नाश्त्याची पिशवी हातात घेऊन आला आणि म्हणाला, "मी तुम्हालाच फोन करणार होतो." अजून भरलं नव्हतं. तिथल्या खुर्चीवर बसल्यावर माझे पाय थरथरतायत हे मला कळलं.

आता तो मुख्य मुद्दा. चीनमध्ये तेव्हा कस्टम्स ज्या दिवशी घोषणापत्र स्वीकारायचं, त्या दिवशीचा दर लागायचा. माल कधी निघाला, इन्व्हॉइसवर कुठली तारीख आहे, पैसे कधी दिले, याने फरक पडत नाही. माल पोहोचण्याआधीच घोषणापत्र भरून ठेवलं असेल तर ज्या दिवशी विमान किंवा जहाज देशात आल्याची नोंद होते त्या दिवसाचा दर. म्हणजे आम्ही हुशारी करून आधीच भरलं असतं तर २१ मेचा, २३ टक्क्यांचा दर डोक्यावर बसला असता. भारतातही कस्टम्स कायद्याच्या १५ व्या कलमात याच वळणाची तरतूद आहे : बिल ऑफ एंट्री, म्हणजे तिकडचं घोषणापत्र, सादर केल्याची तारीख, आणि ते आधी भरलं असेल तर जहाज आत आल्याची तारीख. त्यामुळे मुंबईत आयातीचं काम करणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल.

दुसरी गोष्ट, तात्पुरता दर म्हणजे मूळ दर रद्द होत नाही. जागतिक व्यापार संघटनेच्या सदस्य देशांसाठीचा तेव्हाचा २३ टक्के हा दर पुस्तकात तसाच राहिला, त्याच्यावर ठरावीक मुदतीसाठी खालचा दर बसवतात, आणि दोन्ही लागू असतील तेव्हा तात्पुरता दर वापरतात. चिनीत त्याला ‘झानदिंग श्वेइल्यु’ म्हणतात. घोषणापत्रावर आपल्या मालासमोर हा दर लागलाय की नाही, ते एजंटच्या स्क्रीनवर स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. मी पाहिलं.

लाओबानना हिशेब मांडून दाखवला. फरच्या कोटांची विमा-भाड्यासह किंमत ४ लाख युआन. जुन्या दराने शुल्क ९२,०००, मग शुल्क धरून झालेल्या ४,९२,००० वर १७ टक्के व्हॅट म्हणजे ८३,६४०. एकूण १,७५,६४०. नव्या दराने शुल्क ४०,०००, व्हॅट ७४,८००, एकूण १,१४,८००. फरक ६०,८४० युआन. त्यांचा चेहरा उजळला, पण मला एक दुरुस्ती करावी लागली. व्हॅट आमच्या कंपनीला पुढे वळता करून मिळतो, त्यामुळे खरी बचत शुल्काची, ५२,००० युआन. बाकीचा फरक म्हणजे फक्त हातातले पैसे काही महिने कमी अडकणं. कुणी तुम्हाला मोठा आकडा सांगितला तर त्यातून व्हॅट वेगळा काढून बघा.

मग लाओबाननी विचारलं, "पण थांबायला मुदत आहे का?" होती, थोडी. विमान आल्याच्या नोंदीपासून १४ दिवसांत घोषणापत्र भरावं लागतं. आमची मुदत ४ जून, गुरुवार. १५ व्या दिवसापासून रोज मालाच्या किमतीच्या दहा हजारांत पाच या प्रमाणात विलंब-आकार लागतो, आणि तीन महिने काहीच भरलं नाही तर कस्टम्स माल विकू शकतं. विलंब-आकार ऐकून त्या घाबरल्या. ४ लाखांवर तो रोजचा २०० युआन होतो हे सांगितल्यावर शांत झाल्या. मीसुद्धा तो आकडा कागदावर लिहीपर्यंत घाबरलेलीच होते. नियमात ‘दंड’ किंवा ‘विलंब’ असा शब्द दिसला की आधी त्याचा रोजचा आकडा काढायचा, हे मी तेव्हापासून करते.

१ जूनपर्यंत थांबायचं ठरलं आणि मला वाटलं, आता फक्त वाट पाहायची. तसं झालं नाही.

२७ मेला एजंटने सांगितलं की लुप्त होत चाललेल्या प्राण्यांच्या यादीत हा प्राणी नाही, असा दाखला काढण्यासाठी केलेला आमचा अर्ज परत आला आहे. मिंकचं लॅटिन नाव दिलं होतं, नेओव्हिसॉन व्हिसॉन, आणि तो पाळीव फार्मवरचा आहे हेही लिहिलं होतं. पण इन्व्हॉइसच्या तळाशी सहा नगांपुढे "कॉलर फॉक्स" एवढंच होतं. कुठला कोल्हा? जगात कोल्ह्यांच्या कितीतरी जाती आहेत, काही संरक्षित आहेत. बरोबरच होतं त्यांचं.

कास्तोरियात आपल्यापेक्षा, म्हणजे शांघायपेक्षा, घड्याळ पाच तास मागे. दुपारी दोनला फोन लावला तेव्हा तिकडे सकाळचे नऊ. कारखान्याच्या म्हाताऱ्या मालकाला इंग्रजी जेमतेम येतं, त्यांची सून बोलते. तिने २९ मेला पत्र पाठवलं : व्हल्पीस व्हल्पीस, म्हणजे साधा लाल कोल्हा, त्याचाच रुपेरी रंगाचा प्रकार, फार्मवरचा. पत्रावर सही होती, शिक्का नव्हता. इथे शिक्क्याशिवाय कागद हा कागद नसतो. मी शुक्रवारी संध्याकाळी पुन्हा मेल टाकली आणि सोमवारी, १ जूनला, ज्या दिवसाची आम्ही वाट पाहत होतो त्याच दिवशी, तिकडे फोन कुणी उचलेना. पेन्टेकॉस्ट या ख्रिस्ती सणानंतरचा सोमवार, ग्रीसमध्ये सुट्टी. आपण चिनी सुट्ट्यांचं कॅलेंडर भिंतीवर लावतो, पण माल पाठवणाऱ्या देशाचं कॅलेंडर कोण बघतं? आता माझ्या टेबलासमोर दोन्ही आहेत.

शिक्क्याचं पत्र २ जूनला संध्याकाळी आलं. दाखला मिळाला ५ जूनला सकाळी. घोषणापत्र त्याच दिवशी, शुक्रवारी दुपारी, स्वीकारलं गेलं. एक दिवस उशीर. सगळ्या मालाच्या ४,१८,००० वर विलंब-आकार २०९ युआन. पावती मी जपून ठेवली आहे. दर लागला १० टक्के.

हे वरचे १८,००० कुठून आले, तर त्या सहा कोल्ह्याच्या कॉलरवाल्या कोटांचे. मूळ इन्व्हॉइसमध्ये "फर कोट, ४८ नग" असं एकाच ओळीत होतं. २८ मेला फोटो मागवून पाहिले तेव्हा कळलं की त्यातले सहा मुळात लोकरीचे आहेत, फक्त कॉलरला फर. शुल्क-सारणीच्या ४३ व्या प्रकरणाची एक टीप आहे : आतून फरचं अस्तर असलेला किंवा बाहेरून फर लावलेला कपडा फरच्या कपड्यांत जातो, पण फर नुसती सजावटीपुरती असेल तर नाही. गळ्याभोवतीची पट्टी ही सजावट. म्हणजे ते सहा कोट लोकरीच्या कोटांच्या प्रकरणात, वेगळ्या क्रमांकाखाली, वेगळ्या दराने. नकली फरचा क्रमांक तर आणखी निराळा, ४३०४. चीनची घोषणा ‘फरच्या कपड्यांसाठी’ म्हणून वाचून कुणी कॉलरवाला कोट त्यात ढकलला तर तपासणीत सापडणारच. आम्ही सुधारित इन्व्हॉइस मागवलं, दोन ओळींचं : ४२ आणि ६.

ते किती बरं केलं हे ९ जूनला समजलं. माल तपासणीसाठी निवडला गेला होता. विमानतळाच्या गोदामात एका महिला अधिकाऱ्याने १६ पैकी ५ खोकी उघडायला लावली. बाहेर चिकट उकाडा, आत कागदात गुंडाळलेले कोट. त्या बाईंनी हातमोजे घालून एक कोट उलटा केला, अस्तराची शिवण थोडी उसवायला सांगितली आणि कातडीच्या मागच्या बाजूकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मग मला विचारलं, "अख्ख्या कातडीचा आहे की तुकड्यांचा?" मला माहीत होतं, नशिबाने. कास्तोरियाची खासियतच ती. कापताना उरलेले पंजाचे, शेपटीचे, गळ्याचे लहान लहान तुकडे जोडून कापडासारखा सलग पन्हा करायचा, ही कला तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. आमच्या ४२ पैकी ३० कोट तसे होते, म्हणून स्वस्त होते. त्या पन्ह्यावरच्या शिवणी मी जवळून पाहिल्या, बोटाच्या पेराएवढे तुकडे, शेकडो. सोलापुरात आमच्या शेजारच्या आजी जुन्या लुगड्यांची गोधडी शिवायच्या. त्यांचा टाका आठवला, आणि त्याच वेळी हे तुकडे कशाचे आहेत तेही आठवलं.

दुसऱ्या दिवशी किमतीबद्दल लेखी विचारणा आली. मिंकच्या कोटाच्या मानाने आमची किंमत कमी का? तुकड्यांचा कोट आणि अख्ख्या कातडीचा कोट हे वेगळे दाखवणारं पॅकिंग लिस्ट, कारखान्याचं दरपत्रक, आमची ऑर्डरची ईमेल, आणि आगाऊ दिलेल्या ७० टक्के रकमेची बँकेची पावती, असं सगळं १२ जूनला दिलं. तोंडी समजावण्यात वेळ घालवला नाही. अधिकारी रागावलेले नव्हते, त्यांना फाइलमध्ये लावायला कागद हवा होता. तो दिल्यावर आमची किंमत मान्य झाली.

१५ जूनला कराचे दोन कागद निघाले, शुल्काचा एक आणि व्हॅटचा एक. भरायला १५ दिवस असतात, आम्ही दुसऱ्याच दिवशी भरले. व्हॅटचा कागद हिशेबनिसाकडे लगेच द्या. तो वळता करून घ्यायला तेव्हा १८० दिवसांची मुदत होती, आणि खोळंबा होतो तो कागद कुणाच्या तरी खणात पडून राहिल्यामुळे. १७ जूनला माल कस्टम्समधून सुटला.

खर्चाचं इथेच सांगते. विमानतळाच्या गोदामाचं भाडं २,९०० युआन, एजंटचे १,२००, तपासणीसाठी खोकी उघडून परत बांधायचे ४००. कस्टम्समध्ये थांबल्यामुळे गेलेले पैसे वाचलेल्या ५२,००० पुढे फार नाहीत. पण माल लहान असता, ५०-६० हजारांचा, तर गणित इतकं सोपं राहिलं नसतं. थांबायच्या आधी भाड्याचा दर विचारून घ्या. पहिल्या काही दिवसांनंतर तो वाढतो.

मला वाटलं होतं सुटला म्हणजे संपलं. पण कपड्यांची तपासणी तेव्हा वेगळ्या खात्याकडे होती. कस्टम्सने सोडलेला माल त्या खात्याच्या निकालाआधी विकता येत नव्हता. त्यांनी दोन नग नमुन्याला नेले, फॉर्माल्डिहाइड आणि रंगातल्या घातक द्रव्यांसाठी. शिवाय प्रत्येक कोटाला चिनी भाषेतलं लेबल हवं : मापं, कशाचा बनला आहे, कसा जपायचा, कुठल्या देशात बनला. आमच्या लेबलांच्या छपाईत ‘मिंक’ बरोबर होतं, पण अस्तराच्या धाग्याचं प्रमाण राहून गेलं होतं. ४८ लेबलं पुन्हा छापली. मध्ये २० ते २२ जून ड्रॅगन बोट सणाची सुट्टी आली. ते तीन दिवस मी झोपून काढले.

२९ जूनला सकाळी बातमी, ग्रीसमधल्या बँका बंद. आमचे उरलेले ३० टक्के पैसे द्यायचे होते. त्याच दुपारी कारखान्याच्या सुनेचा फोन आला. तिच्या आवाजात एरवीचा तरतरीतपणा नव्हता. एटीएममधून दिवसाला ६० युरोच काढता येतात, कामगारांना पगार कसा द्यायचा कळत नाही, आणि तुम्ही उरलेली रक्कम दुसऱ्या देशातल्या आमच्या नातेवाइकाच्या खात्यात पाठवाल का? मला हो म्हणावंसं फार वाटलं. पण इन्व्हॉइसवर एक नाव आणि पैसे दुसऱ्या नावाला, असं झालं की इथली बँक अडवते आणि कस्टम्सला दिलेल्या किमतीच्या पुराव्यालाही धक्का लागतो. मी तिला तसं स्पष्ट सांगितलं. लाओबाननी मात्र एक केलं, हिवाळ्यासाठी आणखी २० कोटांची ऑर्डर लेखी पाठवली, म्हणजे तिला कामगारांना काहीतरी दाखवता येईल. उरलेले पैसे त्यांच्याच खात्यात, त्यांनी सांगितलेल्या दिवशी भरायचे ठरले आहेत.

३० जूनला तपासणीचा निकाल आला. उत्तीर्ण.

आता जुलै. कोट एका थंड गोदामात लटकतायत, फरला शांघायचा उन्हाळा सोसत नाही. शेन्यांगच्या दुकानदाराने पहिल्याच फोनला विचारलं, "शुल्क कमी झालं, मग किंमत किती कमी?" ५२,००० भागिले ४२, म्हणजे कोटामागे साधारण १,२३८ युआन. दुकानातल्या किमतीपुढे हा आकडा लहान आहे. तिथे मॉलचं भाडं आणि त्यांचा हिस्सा शुल्कापेक्षा कितीतरी जड पडतो. शुल्क उतरलं म्हणजे परदेशातल्या किमतीत इथे मिळेल, अशी आशा लोकांनी धरली आहे. निदान फरच्या बाबतीत ती फळेल असं मला वाटत नाही. तरी लाओबाननी कोटामागे १,००० युआन सोडले. उरलेल्यात गोदामभाडं, विलंब-आकार आणि दुसऱ्यांदा छापलेली लेबलं भागली.

काल कास्तोरियाहून नव्या २० कोटांचं कच्चं इन्व्हॉइस आलं. फरच्या कोटांची ओळ वेगळी, कॉलरवाल्यांची वेगळी, तुकड्यांचे आणि अख्ख्या कातडीचे निराळे, प्रत्येकापुढे प्राण्याचं पूर्ण लॅटिन नाव आणि तळाशी ठसठशीत निळा शिक्का. आईचा फोन आला तेव्हा मी तेच वाचत होते. तिने पुन्हा विचारलं, "कशाचे गं?" या वेळी मी तिला सगळं सांगितलं, आकड्यासकट.